मालक नसलेला बुडबुडा

दाजींची स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठीची तिसरी केमो चालू होती. डे केअरच्या हॉलमध्ये बारा खुर्च्या, बाराही भरलेल्या, आणि नातेवाइकांनी जागा मिळेल तिथे स्टूल ओढून घेतलेलं. भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘आता बुडबुडे मारणार कॅन्सरला’ असा मथळा, खाली निळ्या गोळ्यांचं चकचकीत चित्र. “मामा, हे पुण्यात कुठे मिळतं का बघा ना. तुम्ही त्याच लाइनमधले.”

लाइन तीच, पण मी डॉक्टर नव्हे. तीस वर्षं औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. दाजींच्या शिरेत जे जेमसिटाबिन उतरत होतं, त्याच्या व्हायली, म्हणजे छोट्या बाटल्या, माझ्या टेबलावरून हजारोंनी गेल्यात. तळाला बत्ताशासारखी पांढरी वडी बसलेली असते, सलाईन घालून हलवलं की बघता बघता विरघळते. लेबलवर लिहिलंय तेवढं औषध आत आहे ना, एवढं बघायला आमची रात्रपाळी चालायची. शंभराला पाच-सहाचा फरक दिसला की बॅच अडकायची आणि वरून फोन यायला लागायचे. त्या हॉलमध्ये बसल्यावर पहिल्यांदा मनात आलं की व्हायलमध्ये किती आहे हे आपण आयुष्यभर मोजलं, गाठीत किती पोचतं हे कधी विचारलंच नाही.

घरी येऊन वाचायला बसलो आणि उत्तर वाचून गारच पडलो. १९८६ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं होतं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, म्हणून गळक्या असतात. पुरेसा मोठा कण रक्तात सोडला तर तो तिथे झिरपतो आणि अडकून राहतो. या निरीक्षणावर नॅनो-औषधांचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून द्यायच्या औषधांचं, अख्खं दुकान उभं राहिलं. तीस वर्षांनी, २०१६ मध्ये, टोरांटो विद्यापीठातल्या गटाने मागच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्या भागाचा मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा, निघाला ०.७ टक्के. शंभर कण सोडले तर एकसुद्धा धड नाही! साध्या केमोचे रेणू लहान असतात, त्यांचं गणित वेगळं. पण दुखणं त्याच जातीचं. तोंड येतं, केस जातात, रक्तपेशींचे काऊंट कोसळतात, म्हणजे औषध अंगभर पोचलेलं असतं. जिथे पोचायला हवं तिथे किती, हा प्रश्न उरतोच.

स्वादुपिंडाची गाठ तर या बाबतीत फारच हट्टी. कॅन्सरच्या पेशी तिथे थोड्या आणि त्यांच्याभोवतीचं तंतुमय, घट्ट जाळं जास्त. आतला दाब इतका की रक्तवाहिन्या चेपून गेलेल्या असतात. औषध गावात येतं, पण वाड्याचा दरवाजा बंद. मेंदूत अडचण आणखी निराळी. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बहुतेक औषधं रक्तातून मेंदूत शिरतच नाहीत. एरवी हा बंदोबस्त आपल्या भल्याचाच, फक्त गाठ झाली की तोच आडवा येतो.

बातमीतले बुडबुडे इथे कामाला येतात. ते नवे मुळीच नाहीत. हृदयाच्या सोनोग्राफीत चित्र स्वच्छ दिसावं म्हणून १९९० च्या दशकापासून ते शिरेतून दिले जातात. दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या निम्म्याहून लहान असा एकेक बुडबुडा. बाहेर स्निग्ध पदार्थाचं किंवा प्रथिनाचं पातळ कवच, आत सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा जड वायू, जो रक्तात सहजी विरघळत नाही. काही मिनिटं रक्तात फिरतो, मग फुटतो आणि वायू श्वासावाटे निघून जातो.

सोनोग्राफीची लाट, म्हणजे कानाला न ऐकू येणारा ध्वनी, आदळली की हा बुडबुडा सेकंदाला लाखो वेळा फुगतो आणि आकसतो. लाट मंद असेल तर तो फुटत नाही, नुसता लयीत धडधडत राहतो. त्याच्याभोवतीचा द्रव घुसळला जातो, वाहिनीच्या भिंतीला आतून ढुशा बसतात, पेशींमधले सांधे सैल होतात, पेशीच्या आवरणाला बारीक छिद्रं पडून पुन्हा बुजतात. तेवढ्या अवधीत औषध आत सरकलं तर सरकलं. लाट जोराची असेल तर बुडबुडा एकदम कोसळतो, आणि कोसळणारा बुडबुडा दिसतो तितका गरीब नसतो. ब्रिटिश पदार्थशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली त्याचं गणित मांडलं ते जहाजांच्या पंख्यांमुळे. पाण्यातले बुडबुडे कोसळून धातूच्या पंख्यांना खड्डे पडत होते. धातूची ही गत, तर रक्तवाहिनीचं काय होईल? म्हणून सगळी कसरत या दोन टोकांच्या मधली. लाट कमी पडली तर काहीच घडत नाही, जास्त झाली तर रक्तस्राव.

भाच्याच्या त्या चित्रात औषध बुडबुड्याच्या पोटात भरलेलं दाखवलं होतं. तसे बुडबुडे प्रयोगशाळांत बनतात, पण माणसांवर जे प्रयोग झाले त्यातल्या बहुतेकांत औषध नेहमीच्या सलाईनमधूनच जातं आणि बुडबुडे वेगळ्या इंजेक्शनने. बुडबुडा माल वाहत नाही, तो फक्त दार किलकिलं करतो. गाठ उष्णतेने जाळणारा सोनोग्राफीचा जो दुसरा प्रकार आहे, त्याचाही याच्याशी संबंध नाही. जाहिरातींत ही सरमिसळ सर्रास असते.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या हाउकेलँड विद्यापीठ रुग्णालयात शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे १० रुग्ण घेतले. औषध जेमसिटाबिन, दाजींना चाललेलं तेच. बुडबुडे हृदय-यकृत तपासायला आधीच मान्यता मिळालेले. यंत्र रोजच्या तपासणीचं, फक्त सेटिंग बदललेलं. औषध देऊन होत आलं की दर साडेतीन मिनिटांनी अर्धा मिलिलिटर बुडबुडे टोचायचे आणि सोनोग्राफीची लाट गाठीवर धरून ठेवायची, जवळजवळ अर्धा तास. २०१६ साली निकाल छापून आला. हे रुग्ण मध्यकाने १७.६ महिने जगले. त्याच रुग्णालयात आधी नुसत्या जेमसिटाबिनवर असलेल्या ६३ रुग्णांचा आकडा ८.९ महिने होता. वेगळे असे दुष्परिणाम दिसले नाहीत.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. ताई आणि दाजी शेजारच्या खोलीत झोपले होते. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मलाही वाटलं की उठून भाच्याला फोन करावा.

मग तीस वर्षांची सवय जागी झाली. तुलना कोणाशी केली आहे? जुन्या फायलींशी. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले नव्हते. जो माणूस प्रत्येक केमोनंतर आणखी अर्धा तास पडून राहायला तयार असतो, ज्याची गाठ सोनोग्राफीत नीट दिसते, ज्याच्या पोटात पाणी झालेलं नाही, तो मुळातच बरा असण्याची शक्यता अधिक. या दहा जणांना केमोची आवर्तनंही सरासरीने जुन्या रुग्णांपेक्षा बरीच जास्त झाली होती. आता बुडबुड्यांमुळे तब्येत टिकली म्हणून जास्त केमो घेता आली, की तब्येत मुळात टिकाऊ होती म्हणून बुडबुड्यांना श्रेय मिळालं? दहा माणसांत हे सुटत नाही. संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही, दावा मथळ्यांनी केला. पुढे नॉर्वेतच ट्रॉन्डहाइमला अधिक कडक चाचणी झाली. आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेल्या रुग्णांच्या दोन गाठी निवडायच्या, चिठ्ठी टाकून एकीवर केमोच्या जोडीने बुडबुडे आणि लाट वापरायची, दुसरी तशीच केमोवर सोडायची. माणूस तोच, औषध तेच. दोन्ही गाठींत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. या दुसऱ्या बातमीचा मथळा भाच्याच्या मोबाइलवर कधी आला नाही.

जुन्या फायलींशी तुलना करून काय होतं, याचा एक इतिहास अमेरिकेत आहे आणि तो कॅन्सरवर बोलणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. १९९० च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरवर प्रचंड डोसची केमो आणि मागोमाग बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा उपचार तिथे हजारो बायकांना दिला गेला. आधीच्या रुग्णांशी तुलना केली की आकडे झकास दिसत. विमा कंपन्यांनी पैसे नाकारले तर लोक कोर्टात जायचे, आणि १९९३ साली एका खटल्यात ज्यूरीने ८ कोटी ९० लाख डॉलरची भरपाई ठोठावली. मग कोण कशाला नाकारतो? चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांचे निकाल १९९९ मध्ये आले. फायदा नाही. ठळक फायदा दाखवणारा होता दक्षिण आफ्रिकेतल्या वर्नर बेझवोडा यांचा अभ्यास. २००० साली तपासनीस गेले तेव्हा तो खोटा निघाला. मधल्या काळात किती बायका कॅन्सरऐवजी उपचारानेच गेल्या, त्यांचा हिशोब कोणी द्यायचा?

म्हणजे बुडबुडे सोडून द्यावेत? मला नेमकं उलट म्हणायचंय. हा विषय सोडण्याइतका पोकळ नाही. दार उघडतं, हे मेंदूच्या बाबतीत मोजून दाखवलेलं आहे. २००१ साली सशांच्या मेंदूत हे केलं गेलं. २०१५ मध्ये टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात कवटीला भोक न पाडता, बाहेरून लाट टाकून, मेंदूच्या गाठीच्या रुग्णावर. पॅरिसच्या गटाने कवटीत बसवायचं यंत्र काढलं, आणि शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तशाच नऊ उगमांच्या यंत्राने १७ रुग्णांवर केलेलं काम २०२३ साली छापून आलं. शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूचे बारीक नमुने घेऊन औषध मोजलं, तर दार न उघडलेल्या भागापेक्षा केमोची दोन औषधं, पॅक्लिटॅक्सेल ३.७ पट आणि कार्बोप्लॅटिन ५.९ पट, पोचलेली आढळली. उघडलेलं दार तासाभरात बऱ्याच अंशी मिटतं, हेही दिसलं. माझ्यासारख्याला हा आकडा जास्त पटतो. जगण्याचे महिने मोजण्यात शंभर भानगडी असतात, पण नमुन्यात औषध किती, हा सरळ मामला. अर्थात औषध जास्त पोचलं म्हणून माणूस जास्त जगेल हेही गृहीत धरता येत नाही. ते मोठ्या चाचणीनेच कळायचं, आणि कवटीतल्या त्या यंत्राची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरूही झाली आहे.

ती का सुरू झाली? त्या यंत्राला मालक आहे. पेटंट आहे, कंपनी आहे, गुंतवणूकदार आहेत, उद्या यश आलं तर यंत्रामागे किंमत लावता येणार आहे. बर्गनचा प्रकार आठवा. जेमसिटाबिनचं पेटंट कधीच संपलं, ते आपल्याकडे ढिगाने बनतं. सोनोग्राफी यंत्र तालुक्याच्या गावातही आहे. बुडबुडे विकणाऱ्या कंपन्यांचा धंदा निदानाचा आहे, तो नीट चाललाय. या तिघांना एकत्र आणण्याच्या कल्पनेची मालकी कोणाकडेच नाही. शे-दोनशे रुग्णांची चाचणी करायची तर कोट्यवधी लागतात, आणि ते घालून जे सिद्ध होईल ते उद्या कोणीही फुकट वापरणार. धंदा करणारा माणूस यात पैसे का घालील? मी कंपनीतला आहे, कंपन्यांना शिव्या घालायची मला हौस नाही. त्यांच्या जागी मीही घातले नसते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की हे काम सरकारी पैशाने व्हायला हवं, आणि ते करायला मुंबईइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

हे अभिमानापोटी बोलत नाही. टाटा मेमोरियलने हा प्रकार दोनदा करून दाखवलाय. पहिला, भुलीच्या इंजेक्शनचा. जखम शिवताना टोचतात ते साधं लिग्नोकेन. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया सुरू करण्याआधी काही मिनिटं ते गाठीभोवती टोचायचं, बाकी सगळं नेहमीसारखं. देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांमध्ये चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली. पाच वर्षांनी रोग न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ वर गेलं. चार टक्के म्हणजे शंभरातल्या चौघी, आणि खर्च चहा-नाश्त्याएवढा. दुसरा, निव्होलुमॅबचा. प्रतिकारशक्ती जागवणारं हे औषध पूर्ण डोसमध्ये घ्यायचं तर आपल्याकडचं घर विकायची पाळी येते. टाटाच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहूनही कमी, एवढंच, तोंडाने घ्यायच्या कमी डोसच्या औषधांच्या जोडीला देऊन बघितलं. तोंडा-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के. आता मला सांगा, आपलं औषध दशांशानेही चालतं का हे बघायला कुठली कंपनी पैसे देईल? या चाचण्या अणुऊर्जा विभागाच्या छायेखालच्या एका सार्वजनिक रुग्णालयातच होऊ शकत होत्या. लिग्नोकेनला मालक नाही, कमी डोसला मालक नाही, बुडबुड्यांनाही नाही. तिन्ही एका माळेतले.

यावर आक्षेप येणार आणि तो बिनबुडाचा नाही. माझ्या एका डॉक्टर मित्राने तो तोंडावरच टाकला. “अरे, आपल्याकडे बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने मरतात, जो लसीने आणि साध्या तपासणीने टळतो. पोरं गुटखा खाऊन जबडा गमावतात. विदर्भातून आलेला पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आठवडेच्या आठवडे पडून असतो, कारण जिल्ह्याच्या गावाला रेडिएशनची सोय नाही. आणि तुला बुडबुडे सुचतायत!”

त्याचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं. पण हे पैसे तिकडून काढून इकडे घाला असं कोणी म्हटलं? गुटखा बंद व्हायला पैसा कमी पडत नाही, कमी काय पडतं ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही. दुसरं असं की स्वादुपिंडाच्या किंवा मेंदूच्या कॅन्सरला ना लस आहे, ना वेळेत पकडणारी सोपी तपासणी. त्या रुग्णाला ‘आधी गर्भाशयमुखाचं बघू’ म्हणून थांबवण्यात काय हशील? आणि रेडिएशनचं म्हणाल तर खरं आहे, जिल्ह्याच्या गावी कोट्यवधींचं मशीन यायला वर्षं जातात. सोनोग्राफी मात्र तिथे आधीच येऊन बसली आहे. उद्या हे चालतं असं ठरलं, तर नागपूर-लातूरपर्यंत पोचायला सर्वांत कमी त्रास या उपचाराला पडेल. नाही चालत असं ठरलं, तरी पुढच्या दहा भाच्यांना उत्तर देता येईल.

चाचणी कोणत्या कॅन्सरवर करायची, याबद्दल माझं एक मत आहे. ते घरगुती समजा, जाणत्यांनी खोडून काढावं. स्वादुपिंडापासून सुरुवात करू नये. तो अवयव पोटात मागे दडलेला, मधे आतड्यातली हवा येते आणि हवेतून सोनोग्राफीची लाट पुढे जातच नाही. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर उशिरा घेऊन येणाऱ्या बायका फार. गाठ मोठी असते म्हणून आधी केमो देतात, ती आकसली की शस्त्रक्रिया. गाठ कातडीखाली दोन बोटांवर, मधे हाड नाही, हवा नाही. केमोच्या प्रत्येक फेरीत अर्ध्या गटाला बुडबुडे आणि लाट द्यायची. उरलेल्या अर्ध्यांनाही तसंच झोपवायचं, थंड जेल लावायचं, यंत्र धरायचं, पण बुडबुड्यांच्या जागी सलाईन. कोणाला काय दिलं हे पेशंटलाही ठाऊक नसावं आणि गाठ मोजणाऱ्यालाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर किती उरला, ते पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगेल. जगण्याचे महिने मोजायला वर्षानुवर्षं थांबायला नको, पहिलं उत्तर काही महिन्यांत हातात येईल. गाठीच्या वाहिन्या सैल केल्याने पेशी निसटून दुसरीकडे रुजण्याचा धोका वाढतो का, हा प्रश्न शास्त्रज्ञांत चर्चेत आहे. म्हणून त्या स्त्रियांवर पुढे काही वर्षं नजर ठेवण्याचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावेत. २०१२ पासून देशभरची कॅन्सर रुग्णालयं नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये एकत्र आहेत, त्यामुळे रुग्ण गोळा करायला एका हॉस्पिटलवर ताण यायचं कारण नाही. पेटंट संपलेल्या औषधांचा नवा वापर तपासायचा तर औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत शैक्षणिक चाचणीची वाट आहे.

एक अडचण खास आपली. सोनोग्राफी सेंटरच्या दारावर ‘येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही’ ही पाटी का लागली, ते महाराष्ट्राला सांगायला नको. १९८८ साली देशातला पहिला कायदा आपण केला, केंद्राचा १९९४ चा त्यानंतरचा. यंत्राची नोंदणी हवी, ते मनाला येईल तिथे हलवता येत नाही, कागदात चूक सापडली तर सील लागतं. केमोच्या वॉर्डात यंत्र ठेवायचं म्हटलं की प्रशासनाच्या कपाळाला आठ्या पडणार. तो कायदा ढिला करा असं मी मेलो तरी म्हणणार नाही. नोंदणीत वॉर्डाचा पत्ता घाला आणि पुढे चला, त्याला लागेल फार तर एक फाइल आणि एक सही.

आता दुसरी बाजू, आणि इथे माझा सूर जरा चढेल. सहाव्या केमोनंतर दाजींची गाठ वाढली. त्याच आठवड्यात ताईला कोणीतरी एका चकचकीत सेंटरचा पत्ता दिला. आम्ही गेलो. एसी केबिन, लॅमिनेट केलेलं माहितीपत्रक, त्यावर ‘नॅनो’, ‘टार्गेटेड’, ‘सोनो’ असे शब्द ठळक अक्षरांत. समोरच्या गृहस्थांनी एक आकडा सांगितला, त्यात आमच्या गावचं घर गेलं असतं. मी विचारलं, चाचणी कुठे झाली? म्हणाले, “सर, परदेशात रिझल्ट्स खूप छान आहेत.” किती पेशंट? तुलना कोणाशी? गृहस्थांनी माझ्याकडे पाहणं सोडलं आणि ताईकडे वळून म्हणाले, “ताई, निर्णय लवकर घ्या.” ताईने पदराच्या गाठीसारखी घट्ट धरलेली पर्स मी पाहत होतो. तिला घेऊन बाहेर आलो. रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही.

स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, बाबतीत आपण हेच भोगलंय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय की रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त चाचणीतच करावा, पैसे घेऊन उपचार म्हणून नव्हे. तरी जाहिराती थांबल्या का? बुडबुड्यांचं तर आणखी सोपं. तिन्ही वस्तू बाजारात आहेत, तिन्हींना कशा ना कशासाठी मान्यता आहे, एकत्र करून विकायला कोणाच्या बापाची परवानगी लागते, असं म्हणणारा उद्या निघेल. कायद्याने पाहिलं तर मान्य औषधाचा नवा दावा हा नव्या औषधासारखाच धरला जातो, पण ते तपासायला दारात कोण उभा आहे? मान्यता असलेल्या बुडबुड्यांवरसुद्धा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली, काही रुग्ण इंजेक्शननंतर दगावले म्हणून, सर्वांत कडक इशारा छापायला लावला होता. पुढच्याच वर्षी तो बराच सौम्य केला, पण हृदय-फुप्फुसांवर नजर ठेवायची सूचना राहिली. ज्या केबिनमध्ये आम्ही बसलो तिथे ऑक्सिजनचं सिलिंडरही दिसलं नाही.

सरकारी चाचणी आणि खासगी विक्रीबंदी या दोन गोष्टी मी एका श्वासात मागतो, त्या यासाठी. नुसती बंदी घातली तर माणूस विचारतो, मग आमच्यासाठी तुम्ही काय केलंत? त्याला दाखवायला चाचणीचा दरवाजा हवा. आणि नुसती चाचणी काढून बाजार मोकळा सोडला तर चिठ्ठीत आपल्याला सलाईन येईल या भीतीने पैसेवाला तिथून उठून केबिनमध्ये जाईल. चाचणीत उरेल फक्त गरीब. अमेरिकेत ट्रान्सप्लांटच्या वेळी हेच झालं. बाहेर उपचार विकत मिळत होता, म्हणून चिठ्ठीला कोणी तयार होईना आणि उत्तर यायला वर्षं लागली. जन आरोग्य योजनेच्या पॅकेजात हा उपचार घाला अशी मागणीही उद्या एखादा आमदार करील. तेव्हा त्याला ट्रॉन्डहाइमचा निकाल वाचायला द्यावा.

दाजी दिवाळीच्या आधी गेले. बर्गनचा प्रयोग आपल्याकडे चालू असता तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. मला तसं वाटतही नाही.

संमतीपत्रकाबद्दल तेवढं बोलायचं राहिलं. दाजींना केमोसाठी कातडीखाली पोर्ट बसवला त्या वेळी ताईने चार पानांवर सह्या केल्या, सगळी इंग्रजीत, आणि काऊंटरवरची मुलगी बोटाने फुली दाखवत होती, “इथे, इथे आणि इथे.” चाचणी झालीच तर तिचं पत्रक मराठीत असावं आणि कंपनीत आम्ही एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, लिहायचो तसं, एका वाक्यात एकच गोष्ट सांगणारं. पहिल्या पानावर, मोठ्या टायपात: ‘या उपचाराने फायदा होतो की नाही हे आम्हाला माहीत नाही. तुम्हाला बुडबुडे मिळतील की सलाईन, ते चिठ्ठीवर ठरेल. नाही म्हणालात तरी तुमची केमो ठरल्याप्रमाणेच होईल.’ हे मी ताईला वाचून दाखवलं. तिने चष्मा मागितला, पुन्हा स्वतः वाचलं आणि विचारलं, “सही कुठे करायची असते यात?”